भाऊबीजेला नणंद येतेय, मांजर कुठे ठेवू?

पत्र असं आहे:

"डॉक्टर मावशी, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावची सून. लग्नाला चार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी कापसाच्या खोलीत गंजीवर एक पांढरं पिल्लू सापडलं. माय येऊन घेऊन जाईल म्हणून दोन दिवस वाट पाहिली, ती आलीच नाही. बोळ्यानं दूध पाजून मी ते जगवलं. तिचं नाव कापशी. घरी सासू-सासरे, मिस्टर आणि मी. कोठ्यात दोन बैल, एक गाय. दर दिवाळीला दोन्ही नणंदा लेकरांसह येतात, आठ-दहा दिवस राहतात. मागच्या वर्षी चार लेकरांनी मिळून कापशीला पार पिटाळलं. धाकट्या भाच्याच्या हाताला तिनं ओरबाडलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री लडी फुटल्या तेव्हा ती जी पळाली ती पाचव्या दिवशी परतली, नुसती हाडं राहिली होती. यंदा धाकटी नणंद पाच महिन्यांची गरोदर आहे. तिच्या सासरहून निरोप आला, 'घरात मांजर असेल तर पाठवत नाही, बाळाला धोका असतो.' मामाजी (सासरे) म्हणाले, 'तिले पोत्यात टाक अन् नदीपल्याड सोडून देजो.' सासूबाई म्हणतात, पाहुणे गेले की दुसरं पिल्लू आणू. मिस्टर गप्प. नणंद मला यायला हवी आहे, ती माझ्याशी फार मायेनं वागते. पण कापशीचा विचार आला की घास उतरत नाही. दिवाळीला सव्वा महिना उरला. काय करू?"

पोरी,

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं. आधी निकाल सांगते, कारणं मागून. नणंद येईल आणि कापशीही घरातच राहील. सव्वा महिना त्याला पुरतो, मात्र कामाला आजच लागावं लागेल.

नणंदेच्या सासरच्यांवर रागावू नकोस. त्यांनी जे ऐकलंय त्यात तथ्य आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवी आहे. त्याचं जीवनचक्र मांजराच्या आतड्यात पुरं होतं आणि त्याची बीजं मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गरोदरपणात बाईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली, तर तो वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. गर्भ पडू शकतो, बाळाच्या डोळ्यांना किंवा मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा कुणी हा विषय काढला तर "काही होत नाही हो" म्हणून उडवून लावू नकोस. तसं केलंस तर पुढचं तुझं खरं बोलणंही कुणी ऐकणार नाही.

आता पुढचं, जे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. हा परजीवी पोटात गेला तरच लागतो. मांजर शेजारून गेली, पायाला अंग घासलं, पाठीवरून हात फिरवला, एवढ्यानं तो सहसा लागत नाही. मांजरीला स्वतःला लागण झाली की ती साधारण एक ते तीन आठवडे ही बीजं टाकते, आणि बहुतेक मांजरींच्या आयुष्यात हे एकदाच घडतं. तेही बहुधा पिल्लूपणी, नुकती शिकार शिकताना. कापशी दीड वर्षाची आहे, कापसाच्या खोलीत उंदीर धरत मोठी झाली. तिची ती लागण होऊन गेली असण्याचीच शक्यता जास्त. तरी नुसतं पाहून याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, म्हणून काळजी घ्यायची ती घ्यायचीच. आणि आता सासूबाईंचा बेत आठव. नणंद बाळंतपणाला माहेरी येणार असेल, तर तोवर घरात आणलेलं नवं पिल्लू हे कापशीपेक्षा जास्त जोखमीचं ठरेल.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. विष्ठेतली बीजं पडल्यापडल्या लागत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजरीची घाण रोजच्या रोज उचलली तर त्यांना पिकायला वेळच मिळत नाही. धोका असतो तो दिवसेंदिवस पडून राहिलेल्या मातीत. तुमच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, गावातली किती मांजरं, किती बोके येऊन उकरून जात असतील, मोज. कापशीला नदीपल्याड टाकून आलात म्हणून ते यायचे थांबणार नाहीत. त्यामुळे नणंदेनं वाडीतला सांभार (कोथिंबीर) आणि पालक नीट धुतल्याशिवाय खायचा नाही, मातीत हात घातला तर साबणानं धुवायचा, मांजरीचं घमेलं साफ करायचं काम तिच्या अंगावर कधीच यायचं नाही, आणि भाऊबीजेचं मटण पूर्ण शिजलेलंच तिच्या ताटात पडायचं. अर्धंकच्चं मटण हासुद्धा या परजीवीचा मोठा रस्ता आहे, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नणंदेला सांग की तिच्या डॉक्टरीणबाईंना याबद्दल विचार. रक्ताची तपासणी असते. पूर्वी लागण होऊन गेली आहे का ते कळतं, आणि होऊन गेली असेल तर बहुतेक बायकांना पुढे बाळाची काळजी राहत नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे त्याला कारण आहे. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून मी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच वर्षी एका घरून विचारणा आली होती. गरोदर सून, घरात मांजर, काय करावं? मी नवी होते. जोखीम नको म्हणून सांगून टाकलं, "सध्या बाहेर सोडा." त्यांनी त्याच संध्याकाळी तिला बाजाराच्या गावाला नेऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी मला परत बोलावणं आलं. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, खोलीतून बारीक आवाज येत होता. तीन पिल्लं होती, डोळे न उघडलेली. माय दोन कोसांवर आणि पिल्लं कुटारात. त्यातलं एक तेवढं जगलं. ती सून सातव्या महिन्यात होती, पाटावर बसून नुसती रडत होती, आणि तिच्या सासूनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानंतर "मांजर काढून टाकू का" असं कुणी विचारलं की आधी मी चार प्रश्न विचारते.

त्यातला पहिला प्रश्न तुला. कापशीचं ऑपरेशन झालंय का? तू लिहिलं नाहीस. झालं नसेल तर तिचं पोट, तिची आचळं नीट बघ. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात. ऐन दिवाळीत ती विणार असेल तर आत्ताच कळलेलं बरं. गाभण नसेल तर ऑपरेशन करून घे, दिवाळीच्या आधी पुरेसे दिवस असतील तर आधी, नाहीतर पाहुणे गेल्यावर.

पोत्याचं बोलू. मामाजींच्या पिढीत हे सर्रास चालायचं, माझ्या आजोबांनीही केलंय. पण मांजर ही जागेला चिकटलेली असते. नदीपल्याड सोडलेली मांजर एक तर रात्रीतून परत निघते आणि वाटेत कुत्र्यांच्या नाहीतर गाडीच्या तावडीत सापडते, किंवा परक्या वस्तीत कुठल्यातरी बोक्याच्या हद्दीत उपाशी फिरते. जी माणसाच्या हातून दूध पिऊन वाढली तिला तर हे अजिबात जमत नाही. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा रीतीनं सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही तुला माहीत असावं. मात्र हा कायदा मामाजींच्या तोंडावर फेकू नकोस. सासऱ्याला कायदा ऐकवणाऱ्या सुनेचं घरात काय होतं ते तुला मी सांगायला नको.

मामाजींना आपल्या माणसाच्या शब्दांत सांगावं. गाडगेबाबांची दशसूत्री विदर्भात कितीतरी शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लिहिलेली आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी यांच्याच रांगेत तिथे पशुपक्ष्यांना, मुक्या प्राण्यांना अभय लिहिलंय. तुमच्या गावात ती पाटी असेल तर मामाजी रोज तिच्यासमोरून जात असतील. सासूबाईंना सटवाईची आठवण दे. बाळाच्या पाचवी-सटीला आपण जिची पूजा मांडतो ती षष्ठीदेवी, आणि तिचं वाहन मांजर आहे. ज्या देवीच्या हाती तान्ह्या बाळाची राखण, तिच्याच वाहनाला बाळाच्या नावानं घराबाहेर काढायचं, हे सासूबाईंना एकदा शांतपणे विचारून बघ. मी हे समजूत घालायची युक्ती म्हणून सांगत नाही. आपल्या जुन्या बायकांनी मांजर आणि पाळणा एका घरात नांदताना पाहिलाय, ते कुठेतरी या पूजेत उतरलं असावं असं मला खरंच वाटतं.

पण यांच्याही आधी बोलायला हवं ते तुझ्या मिस्टरांनी. "मिस्टर गप्प" हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात लहान वाक्य, आणि मला तेच सगळ्यात जड वाटलं. निरोप नणंदेच्या सासरहून आला, तिथून मामाजींकडे गेला, मामाजींकडून तुझ्यावर पडला. यात ज्या बाईच्या पोटात बाळ आहे तिला कुणी काही विचारलंच नाही. भावानं बहिणीला फोन करावा. तू नव्हे, भावानं. "ताई, तुझी काळजी आम्हाला आहे. मांजरीचं घमेलं मी स्वतः रोज साफ करीन, तुझ्या खोलीत ती येणार नाही, तुझ्या डॉक्टरांना विचारून तू ठरव." एवढं सख्ख्या भावाच्या तोंडून गेलं की जावईबापूंकडेही ते वजनानं पोचेल. घाण उचलायचं काम खरोखरच त्यांनी करावं. रोज सकाळी, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून, खड्ड्यात पुरून, वर माती लोटून, हात साबणानं धुवून. पुरुषानं हे काम केलं की घरातले बाकीचे त्या कामाची गंभीरता मानतात. मी कितीतरी घरांत पाहिलंय.

आणि इतकं करूनही नणंदेच्या डॉक्टरांनी किंवा तिच्या स्वतःच्या मनानं नको म्हटलं तर? तर त्या आठ दिवसांपुरती कापशी तुझ्या ओळखीच्या, दारं बंद होणाऱ्या घरी ठेव. तुझं माहेर जवळ असेल तर तिथे, एका बंद खोलीत, तुझ्या जुन्या लुगड्यासह. गरोदर बाईच्या मनाची शांतीही औषधाइतकीच लागते.

आता कापशीच्या जागेकडे वळू.

तू म्हणशील, कापसाची खोली आहे ना, तिथेच ती सापडली. ती खोली मात्र नको. दसरा-दिवाळीत नुकती वेचणी सुरू झालेली असते, खोलीत गंजी लागायला लागते, आणि कापसाच्या गंजीवर उड्या मारणं हा पुण्या-नागपूरहून आलेल्या लेकरांचा पहिला उद्योग असतो. मागच्या वर्षी नेमकं हेच झालं असणार. कापशीला वाटलं आपण आपल्या घरट्यात सुखरूप आहोत आणि तिथेच चार लेकरं धप्पकन येऊन पडली. ओरबाडणार नाही तर काय करेल?

धान्याची खोली किंवा अडगळीची खोली बघ, जिथे दिवसातून दोनदाच कुणी जातं. तिथे उंचावर, माळ्यावर किंवा कोठीवर, एक खोकं आडवं ठेव. मांजर घाबरली की उंच जागा शोधते. वरून सगळं दिसलं की तिचा जीव थाऱ्यावर येतो. खोक्यात तुझं वापरलेलं, न धुतलेलं जुनं लुगडं घाल. त्याला तुझा वास येतो आणि तिच्यासाठी घर म्हणजे तो वास. एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, त्याच्या अगदी विरुद्ध कोपऱ्यात जुनं घमेलं, त्यात चाळलेली कोरडी वाळू. जेवणाजवळ घाण करणं मांजरीला आवडत नाही, दोन्ही शेजारी ठेवलंस तर ती तिसरीच जागा शोधेल आणि ती जागा पाहुण्यांची गादी असेल. घमेलं आजपासून ठेव. बाहेर जायची सवय असलेल्या मांजरीला ते कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रोज दोन्ही वेळचं खाणं आता त्याच खोलीत दे, म्हणजे दिवाळीत दार लावलं तरी तिला कोंडल्यासारखं वाटणार नाही. आणि दावणीला बांधतात तशी तिला दोरीनं बांधायची नाही. घाबरलेली मांजर त्या दोरीनं गळफास लावून घेते. मी हे पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

फटाक्यांचं असं आहे. माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाची वरची हद्द २० हजार हर्ट्झच्या आसपास, मांजरीची त्याच्या तिप्पट, ६० हजारांच्याही पुढे. आपल्याला नुसता धडाम ऐकू येतो त्यात तिला आणखी कितीतरी टोचणारे आवाज ऐकू येतात. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत रोज दिवेलागणीच्या आधी तिला पोटभर खाऊ घालून खोलीत घे आणि दार लाव. नरकचतुर्दशीला पहाटेचेही फटाके असतात, आदल्या रात्री दार उघडूच नको. खिडकी बंद, फटीला चादर, आत पंखा किंवा रेडिओ चालू. ती खोक्यात दडून बसली तर बसू दे. ओढून काढून मांडीवर घ्यायचा मोह होईल, तो आवर. खोलीच्या दारासमोर लडी लावायची नाही एवढं घरातल्यांना आधीच सांगून ठेव. मागच्या वर्षीचे पाच दिवस त्यांनाही आठवत असतील.

लेकरांना "मांजरीजवळ जायचं नाही" असं सांगून उपयोग नाही. शहरात फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांना हात लावायला मिळणारं जनावर म्हणजे सुट्टीतला सगळ्यात मोठा आनंद आहे, तो त्यांना का नाकारायचा? त्यांना शिकव. पहिल्याच संध्याकाळी चौघांना अंगणात बाजेवर बसव आणि सांग की या घरात कापशीशी दोस्ती करायची एक रीत आहे. खाली बसायचं, एक बोट पुढे करायचं, गप्प राहायचं. ती आली, बोट हुंगलं, गाल घासला, तर हनुवटीखाली आणि कानामागे खाजवायचं. पोटाला हात नाही, शेपटीला हात नाही. जेवताना आणि झोपेत नाही. शेपटी फटकारायला लागली, कान मागे चपटे झाले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की हात काढून घ्यायचा. धान्याच्या खोलीचा उंबरठा ही तिची हद्द, तिथे मोठ्यांशिवाय कुणी जायचं नाही. आणि ज्या भाच्याला मागच्या वर्षी ओरबाडलं, त्यालाच तिचं संध्याकाळचं पाणी भरायचं काम दे. ज्याला भीती बसली आहे त्याला जबाबदारी दिली की तो सगळ्यात चांगला राखणदार होतो. खेळायला चिंधी चालेल, पण सुतळी, हारातला दोरा, झिरमिळ्या तिच्या तोंडात जाऊ द्यायच्या नाहीत. दोरा गिळला की आतडी गोळा होतात आणि मग नागपूर गाठल्याशिवाय इलाज नसतो.

मागच्या वर्षी भाच्याला ओरबाडल्यावर काय केलंत? हळद लावली असेल. यंदा असं काही झालंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही नाही. आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आता ती पोटात चौदा टोचण्यांची राहिलेली नाही. दंडात देतात, त्वचेत द्यायची लस पहिल्या टोचणीचा दिवस शून्य धरून त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. एकदा सुरू केली की पुरी करायची. कापशीलाही रेबीजची लस याच आठवड्यात टोचून आण, कारण पहिल्या टोचणीनंतर अंगात ताकद यायला तीन-चार आठवडे जातात. सोबत जंताचं औषधही घे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून जा. मांजरीची लस तिथे नसेल तर यवतमाळ गाठ. नेताना पोतं नको, भाजीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून बांध, तिला हवा मिळते आणि बाहेरचं दिसतं.

दिवाळीच्या साफसफाईत मांजरी मरतात, आणि कशानं मेली ते घरच्यांना कळतसुद्धा नाही. फिनाईल टाकून पुसलेल्या ओल्या जमिनीवरून ती चालते आणि मग पंजे चाटते. मांजरीच्या यकृताला ते विष मोडता येत नाही. सारवण असेल तर काही भीती नाही. फरशी असेल तर साध्या पाण्यानं पुस, फिनाईल हवंच असेल तर फरशी खडखडीत वाळेपर्यंत तिला आत येऊ देऊ नको. पाहुण्यांच्या गाद्या पेटीतून काढशील त्यात डांबराच्या गोळ्या असतील. गाद्या दोन दिवस उन्हात घाल, गोळ्या मोजून उचल. मऊ गादी दिसली की मांजर पहिली तिच्यावर झोपते. गायगोधनाच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी बैल-गाईला गोचिडाचं औषध लावाल, त्या दिवशी कापशीला कोठ्यात फिरकू देऊ नको, आणि ते औषध पिसवांसाठी तिच्या अंगाला लावायचा विचारही नको. लेकराला ताप आला म्हणून काढलेली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेते, पट्टी उघडी ठेवू नका. सोयाबीन घरात आलं की उंदराचं औषध टाकायची घाई होते. विष खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला की तीही गेली, तेव्हा घरात मांजर आहे तोवर ते औषध घरात नकोच. फवारणीचा पंप आणि फवारणीचे कपडे तर लेकरांसाठीही कुलपात हवेत. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजुरांचे जीव गेले, तुला वेगळं सांगायला नको.

पाहुणे आले की प्रत्येकजण मांजरीला काहीतरी भरवतो. थोरल्या नणंदेला वाटेल वाटीभर दूध द्यावं. मोठ्या मांजरीला दूध पचत नाही, हगवण लागते, आणि भरल्या घरात हगवण लागलेल्या मांजरीची बाजू कुणीच घेत नाही. चिवडा, शेव, कांद्या-लसणाचा रस्सा काही नको. कांदा-लसणानं तिचं रक्त कमी होतं. मटणाची शिजलेली हाडं फुटून घशात अडकतात. घरच्यांची पंगत बसायच्या आधी तिला तिच्या खोलीत अंडं-भात किंवा उकडलेलं चिकन पोटभर दे. नुसत्या दूध-पोळीवर मांजर जगत नाही, तिला मांसातला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो नसला की हळूहळू डोळे आणि हृदय जातं. पोट भरलेलं असलं की ती ताटांभोवती फिरत नाही आणि मामाजींना तिला हाकलावं लागत नाही.

मामाजींना एक विनंती कर, वाद घालू नको. "मामाजी, भाऊबीजेपर्यंत मला मुदत द्या. ताईला काही त्रास झाला तर तुम्ही म्हणाल तसं करू." ही मुदत मागताना मिस्टर शेजारी उभे असू देत. मामाजी हा शब्द ऐकतील असं मला वाटतं, कारण ज्या घरात दोन दिवस मायेची वाट पाहून पिल्लू जगवू दिलं गेलं ते घर कठोर नाही. धान्याच्या खोलीत उंदीर कधीपासून कमी झाले तेही त्यांनाच विचार, ते बरोबर सांगतील.

घमेलं आज ठेव. फोन आज रात्री, जेवणं झाल्यावर, तुझ्यासमोर होऊ दे. आणि भाऊबीज झाली की मला दोन ओळी लिही, नणंदेची तब्येत कशी आहे ते आधी, आणि भाच्यानं कापशीचं पाणी किती दिवस भरलं ते नंतर.

तुझी,
डॉक्टर मावशी